दगडापर्यंत

४ मार्च
दिरानं आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं — "एक तारखेपासून वहिनी माझ्या सासूचं बघतील. इथं काय, सायकली तर धुवायच्या." मला विचारायचं तर नावच नको! त्याच्या सासूनं अंथरूण धरलंय, आता मीही धरायचं. टेकडीवर हा सायकली भाड्यानं देतो, नवरा गेल्यापासून मी त्यांचा चिखल काढते आणि शेडमागच्या खोलीत पडते. खोलीला खिडकी आहे. ती शेडमध्येच उघडते. घ्या हवा!

७ मार्च
पायथ्याची टायरवाली वर आली होती. म्हणाली, "इथं कुजू नकोस. माझ्याकडं काम आहे, राहायला माळा आहे." मी म्हटलं, बघते. बघते कसलं! रस्ता दिराच्या दारावरून जातो. पाय बाहेर टाकला की "कुठं?"
शेडमागच्या उतारावर मात्र कुणी विचारत नाही. गिऱ्हाइकं तिथनंच सायकली खाली घालतात, थेट टायरवालीच्या दुकानाशी. एवढासा उतार, पण भिंतीसारखा उभा.

९ मार्च
उजाडताना लाल सायकल काढली. लहानपणी वडिलांची चालवायचे, नळीखालून पाय घालून. त्यावर ही हिंमत!
दोन्हीकडं मातीचे बांध, मध्ये चाक मावेल एवढी वाट. वळायला जागा नाही. अर्ध्यात काळा दगड आहे — आणि दगडाच्या पुढं जमीनच नाही! दोन्ही ब्रेक करकचून दाबले. खाली बघवेना. सायकल ढकलत वर आणली, स्वतःला शिव्या घालत.

१२ मार्च
शेडमध्ये सायकली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, "वहिनी, दगडाशी ब्रेक मारला की संपलं. बूड मागं घ्यायचं आणि सोडून द्यायचं. कुठं निघालात?"
"मसणात," म्हटलं. हसला मेला.

१५ मार्च
परत दगड. परत ब्रेक. हात ऐकतच नाहीत!
वर तो ब्रेक असा किंचाळला की दीर उठून आला. "सायकल घेऊन कुठं?"
"धुवायला."
"आधी चिखल लावून आणता होय?"

१६ मार्च
काही नाही. धुतल्या.

३० मार्च
"सामान बांधून ठेवा," दीर म्हणाला. बांधायला आहे काय?
संध्याकाळी लाल सायकलीच्या ब्रेकच्या चकत्यांना तेल घातलं, दोन्ही चाकांना, चांगलं थबथबून. आता किंचाळून दाखव!

३१ मार्च
नुसती एक चक्कर, दगडापर्यंत, म्हणून उजाडताना निघाले. दगडाशी ब्रेक दाबले. धरलेच नाहीत!
बूड कधी मागं गेलं कळलं नाही. आईगं म्हणेपर्यंत दगड मागं. वाटलं, मेले. टायरच्या ढिगाऱ्यात जाऊन थांबले. गुडघा फुटला, कोपर सोलवटलं. टायरवाली धावत आली, चकतीवरून बोट फिरवलं. "अगं बये, इथं तेल घालतात का कुणी? ब्रेक धरेल कसा!"
"आवाज वर जायला नको म्हणून—"
पुढं बोलता येईना. हसूच आवरेना. ती पण हसायला लागली.

१ एप्रिल
मिस्त्री सायकल न्यायला आला. दिली. "आणि वहिनी, तुम्ही?"
"ज्याची सासू त्यानं बघावी, सांग."
तो गेल्यावर लिहायला बसले, तेव्हा ध्यानात आलं. ही वही काल उतरताना कमरेला खोचलेली होती. नुसती एक चक्कर मारायला निघाले होते ना मी?