भाच्याचा तिसरा हक्क

चि. एर्मेक यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मी, मुकाश सारिपबेकोव, वाणिज्य पदवीधर, नारिन येथील दूधसंघाचा मुख्य हिशेबनीस आणि तुझ्या आईचा सख्खा थोरला भाऊ, हे पत्र तुझ्या शिल्लक राहिलेल्या हक्काची आठवण देण्यासाठी लिहीत आहे. तुझी प्रकृती उत्तम असावी. गुरेढोरे सुखरूप असावीत. (मॉस्कोत तू सातव्या मजल्यावर राहतोस आणि तुझ्याकडे गुरे नाहीत, हे मी जाणतो, पण गुरांची चौकशी केल्यावाचून आपल्यात कुशल पुरे होत नाही.) इकडे मी व तुझी बुरुलमामी ठीक आहोत.

भाच्याने मामाच्या घरातून तीन वेळा, न विचारता, हवे ते न्यावे आणि मामाने ब्र काढू नये, हा आपला रिवाज. पहिल्या वेळी तू माझे करडे शिंगरू नेलेस. दुसऱ्या वेळी, विद्यापीठाच्या सुट्टीत येऊन, माझ्या संगणकातली, बाजारातल्या टपरीवरून आणलेली विनापरवाना प्रणाली तू त्याच हक्काने पुसून टाकलीस आणि तिच्या जागी फुकटचे लिनक्स बसवलेस. "मामा, चोरीचा घोडा दारात बांधून वर मिरवता?" असे तू मला चारचौघांत विचारलेस. नव्या मालाचा मालक कोण, अशी मी रीतसर पृच्छा केली. तू म्हणालास, सगळेच. मी म्हणालो, "म्हणजे कोल्खोजातली, सरकारी सामुदायिक शेतावरची गाय. पिळायला सगळे गाव, वैरणीला कोणी नाही." (कोल्खोज मोडले तेव्हा मी विशीत होतो, सामाईक गायीविषयी मला तू शिकवावेस असे काही उरले नव्हते.)

तेवढ्यात सुयुम, तुझी आई, खुर्ची ओढून बसली. "लाथा झाडतो का रे हा घोडा?" "माणसाळलेला आहे, आई." चहा निवायच्या आत ती त्यावर पत्ते खेळू लागली होती. "दादा, गाय कोणाची का असेना, दूध देते ना?" त्यानंतर दर रविवारी ती कणकेचे बोर्सोक तळून आणी, वहिनीला भेटायचे निमित्त सांगे आणि थेट त्या कोपऱ्यात जाऊन बसे. पडद्यावर आपल्याच किर्गिझ भाषेतली अक्षरे दिसतात, याचे तिला इतके अप्रूप की बंद करतेवेळची सूचनासुद्धा ती मोठ्याने वाचे, आणि मग बंद करीतच नसे. डाव हरली की दोष माझा. मी पाठीमागे उभा राहून खोकतो म्हणून. आजही तिथे विजेत्यांच्या यादीत वरपासून ओळीने तिचेच नाव आहे. मी तळाशी आहे. (ती गेल्यापासून मी रविवारी खेळतो, पण वर चढण्याइतका नीट खेळत नाही.)

तिच्या वर्षश्राद्धाच्या जेवणानंतर तू इकडे फिरकला नाहीस. आता मूळ मुद्दा. ऑक्टोबरात आपल्या कुबातचे लग्न आहे. सून येणार, म्हणजे तिच्या गाद्या-रजयांची छताला भिडणारी चळत येणार, आणि तिला तोच कोपरा हवा. बुरुल म्हणते, "तो डबा अंगणात काढा, आणि हवे तर कोंबड्यांना पत्ते शिकवा." माझे तिच्यापुढे चालत नाही, हे तुला सांगायला नको. परंतु भाच्याच्या हक्कापुढे तीही गप्प बसते. तेव्हा लग्नाला ये आणि तिसऱ्या हक्काने हा संगणक घेऊन जा. टपालाने पाठविण्याजोगा तो नाही. स्वतः यावे लागेल.

(सहीच्या खालचा मजकूर ग्राह्य धरू नये, असे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो, म्हणून ताजा कलम सहीच्या वरच लिहितो.)

ता. क. गाद्यांसाठी बुरुलने दुसरा कोपरा परवाच ठरवला आहे. "सुयुमच्या जागेवर मी गाद्या रचेन, असे तुम्हाला वाटलेच कसे?" असे वर मलाच ऐकवले. संगणक हलणार नाही.

पुन्हा ता. क. तरीही ये. पण आलास तर काही नेऊ नकोस. ज्याचा हक्क शिल्लक असतो, तो भाचा परत येतो.

तुझा मामा,
मुकाश सारिपबेकोव
नारिन, २ सप्टेंबर २०२४