विदिच साहेबांसाठी एक मत

बेस्नित्सा, ६ नोव्हेंबर

चि. नेझास अनेक आशीर्वाद.

आमच्याकडे डुक्कर कापायचा दिवस झकास पार पडला. सॉसेज भरता भरता सगळ्या गावाने तुमच्या कंपनीच्या नव्या मोठ्या साहेबाची, त्या विदिचची, चिरफाड केली. आधीचे पिर्त्स साहेब स्वतःचा एप्रन घेऊन यायचे, कोपरापर्यंत हात माखून घ्यायचे. हा बाबा कुंपणाशी फोनवर बोलत उभा राहिला आणि गाडीत बसून गेला! ज्याला मांसाला हात लावायची लाज, तो कंपनी काय चालवणार, असं मी सगळ्यांदेखत म्हणालो. पुढच्या महिन्यात त्याची हंगामी मुदत संपते आणि त्याला कायम करायचं की नाही ते तुमचं देखरेख मंडळ ठरवणार म्हणे. कामगारांच्या वतीने त्या मंडळावर तू बसतेस, तर तुझं मत कळव. ब्लाझलाही विचारलं. पण तिथे नोकरी करून पोरगं बापाला सरळ उत्तर देईल तर शपथ!

वहिनीने तुझा वाटा बाजूला काढलाय. माया असू दे.

तुझा दादा,
त्सिरिल

क्रान्य, ११ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अरे, एप्रनवरूनच साहेब पारखायचा तर खाटीकच नेमू या की! पिर्त्स साहेब प्रेमळ होते, नाही कोण म्हणतं? पण आपण बनवतो त्या टेलिफोन एक्स्चेंजच्या ऑर्डरी आटल्या, तेव्हा ज्यांच्या घरी जेवलो त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून त्यांनी चकार शब्द काढला नाही. तोटा वाढत गेला. विदिच तुसडा आहे, जिन्यात भेटला तर मानही हलवत नाही. पण काही लपवत नाही.

आता मन घट्ट करून वाच. तो कायम झाला की एक्स्चेंजचा विभाग बंद करणार आहे. हो, आपल्या ब्लाझचाच. मी सगळं तपासून पाहिलं, दादा. तो विभाग ठेवला तर सगळी कंपनी बुडेल. मला सोडून मंडळात निम्मे विदिचच्या बाजूने आहेत, निम्मे विरुद्ध. म्हणजे सगळं येऊन माझ्यावर अडलंय. जेवण गोड लागत नाही. वहिनीला नमस्कार, तुझा लोभ मात्र कमी करू नकोस.

तुझी,
नेझा

बेस्नित्सा, १४ नोव्हेंबर

नेझास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. सून पोटुशी आहे, नव्या घराचं छप्पर आत्ता कुठे चढलंय, आणि सख्खी आत्या पोराच्या पोटावर पाय देणार? पिर्त्स चुकले असतील, पण त्यांनी माणसं सांभाळली. कामगारांनी तुला तिथे बसवलं ते साहेबाची री ओढायला? ब्लाझ कामगार नाही का? विरुद्ध मत दे. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे एकच मागतो. नाहीतर या दारात पाऊल टाकू नकोस.

त्सिरिल

क्रान्य, ९ डिसेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मी विदिचच्या बाजूने मत दिलं. अट एकच घातली, की विभागातल्या लोकांना त्याने कॅन्टीनमध्ये उभं राहून स्वतः सांगायचं. त्याने सांगितलं.

मला मंडळावर नेमणाऱ्या कामगार परिषदेनेच काल मला तिथून काढलं. ब्लाझ परिषदेत आहे. त्यानेही माझ्या विरुद्ध हात वर केला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझा सॉसेजचा वाटा शेजारी देऊन टाका. रागाव, पण पत्र टाकत जा रे.

तुझी,
नेझा

बेस्नित्सा, १५ डिसेंबर

चि. नेझास आशीर्वाद.

हात वर केल्याचं ब्लाझने घरी येऊन सांगितलं. मी म्हणालो, शाबास! तर एवढा थोराड गडी ढसाढसा रडला. म्हणाला, बाबा, आत्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं, पण शेजारी बसणारे सगळे माझ्याकडे बघत होते.

तेव्हापासून मी स्वतःलाच विचारतोय, की तिथे मी असतो तर? मी पोराला वाचवलं असतं, बाकीच्यांची घरं बुडवली असती, आणि वर त्यांच्याच पंगतीला जाऊन बसलो असतो. म्हणूनच लोकांनी माझ्यासारख्याला नाही, तुला नेमलं होतं.

राग गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? ब्लाझला अजून दुसरं काम मिळालेलं नाही. नाताळला तो तुझ्यासमोर बसेल, तू त्याच्यासमोर, आणि घास कुणाच्याच घशाखाली उतरणार नाही.

तरी ये.

तुझा दादा