उसवलेल्या टाईट्स

प्रिय नेत्रा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायला लागलं की पाचव्या वाक्याला माझा आवाज चढतो आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून कागद घेतला. शिवाय आपलं घर दोन खोल्यांचं. इकडे मी बोलले की तिकडे हर्षूला ऐकू जातं. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर कसंही येईल. चुका काढत बसू नकोस, बँकेचा अर्ज नाहीये हा.

तुझ्या काळ्या टाईट्स मी उसवल्या हे तुला माहीत आहे. तुझ्या डोळ्यांदेखत ते बाहेर आलं, त्यामुळे त्यात कबूल करण्यासारखं काही शिल्लक नाही. पण तू नागपूरला गेल्यापासून सगळ्यांनी मिळून मला साधीभोळी करून टाकलंय, ते मला सहन होत नाही. शेजारची मालिनी म्हणते, वहिनी, तुम्ही भल्यासाठीच केलंत, तुम्हाला काय ठाऊक त्या पळण्याच्या कपड्यांचं. हर्षूही परवा तेच म्हणाला, जाऊ दे आई, तुला कळलं नाही. मला कळलं नव्हतं हे निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं तुला सांगते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा तो दिवस. सकाळी कोहरा इतका की समोरच्या मिश्राजींचं गेट दिसत नव्हतं, आणि तू त्यात गोमतीच्या काठाने तीस किलोमीटर पळून आलीस. आलीस ती भिंतीला टेकून खालीच बसलीस. आंघोळ झाल्यावर हर्षू फरशीवर तुझ्या पुढ्यात बसला आणि तुला त्या टाईट्स चढवायला लागला. आधी टाचेपर्यंत गोळा करून, मग तळहाताने थोडं थोडं वर सरकवत, नख लागू न देता. तू त्याच्या डोक्याला धरून हसत होतीस, अरे हळू, पाय माझेच आहेत. मी तिळगुळाचं ताट घेऊन दारात आले होते. तशीच मागे फिरले. तुम्हा दोघांना कळलंही नाही.

संध्याकाळी बायका जमल्या. साडीखालून तुझे काळे पाय दिसले आणि मालिनीने विचारलं, नेत्रा, थंडी वाजते का गं एवढी? तू आपली सगळ्यांना समजावत बसलीस, की लांब पळाल्यावर पोटऱ्या जड होतात, ठणकतात, असं घट्ट धरून ठेवलं की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येतो. डॉक्टर म्हणतात फार फरक पडतो असं नाही, पण मला बरं वाटतं, असंही म्हणालीस. माझं तोंड वाकडं झालं ते मालिनीला दिसलं. तिला वाटलं मला लाज वाटली. मलाही तसंच वाटून घेणं सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं गोमती नगरला ऑफिसात गेलात आणि मी दोरीवरच्या टाईट्स काढून मशीनवर बसले. तुझ्या पोटऱ्यांवर शिवणीचे वळ उठलेले मी पाहिले होते. रक्त अडतंय पोरीचं, असं मी स्वतःशी म्हणाले, अगदी मोठ्याने म्हणाले. दिवाळी झाली की या कॉलनीतल्या निम्म्या बायका माझ्याकडे येतात, आंटी, थोड़ा ढीला कर दीजिए. जन्मभर तेच केलंय. पण त्या कापडाला आतून माया, म्हणजे सैल करायला जास्तीचं कापड, ठेवलेलीच नव्हती, दाबून शिवलेलं. मग दोन्ही पायांना उभ्या कळ्या घातल्या, ब्लाऊजच्या काळ्या अस्तराच्या. काम सुरेख झालं होतं हं. बाहेरून टाका दिसत नव्हता. एवढं मन लावून मी कित्येक दिवसांत काही शिवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तू पळून आलीस आणि घातल्यास तर गुडघ्याखाली पायजम्यासारख्या लोंबायला लागल्या. तू आधी हसलीस. मग कळी हाताला लागली. आई, मला विचारायचं तरी, एवढंच म्हणालीस. तेवढ्यावर मी गप्प बसले असते तर आज तू इथे असतीस. मालिनी ब्लाऊज न्यायला आली होती, तिच्यासमोर मी बोलले, की माझ्या पोराला पायाशी बसवतेस, त्याची आधी लाज धर, मग मला विचार. हर्षू मध्ये पडला तर त्यालाही म्हटलं, बायकोचे पाय दाबायला नाही शिकवलं तुला. तू त्या टाईट्सची घडी घातलीस, बॅगेत ठेवल्यास आणि त्याच आठवड्यात, आईकडे राहून काम करते म्हणून लॅपटॉप घेऊन निघालीस. चारबाग स्टेशनला निघताना तू वाकलीस आणि मी पाय मागे घेतले. ते तुझ्या लक्षात आलं असेलच. मला त्याची आठवण रोज येते, मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला की येते.

आता ते उरलेलं निम्मं. तुझे सासरे, शिवाजीराव, माणूस चांगला होता. हवाई दलात नोकरी, दारू नाही, हात उगारला नाही. पण हर्षूच्या वेळी माझे पाय असे सुजले होते की चप्पल जाईना, आणि ते पायांवरून ओलांडून पेपर आणायला जायचे. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. बायकोच्या पायाला हात लावायचा असतो हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं, आणि मी तोंड उघडून मागितलं नाही. पुढे मशीन चालवून पायांच्या शिरा निळ्या पडल्या, तेव्हाही नाही मागितलं. आणि माझ्या पोटचा पोर तुझ्या पुढ्यात बसून, कुणी न सांगता, असं हळू हळू करत होता. चांगल्या बाईला अभिमान वाटला असता. मी जळले, नेत्रा. तुझ्या पायात रक्त अडत नव्हतं. अडत होतं ते माझ्याच घशात, आणि कात्री मी तुझ्या कपड्याला लावली.

बाकी इकडचं म्हणशील तर तुळस पाल्याने जळली. पाला म्हणजे दव गोठतं ना, ते. आता बुडाशी दोन पानं फुटलीत. तुझ्याबरोबर चौकापर्यंत पळणारा तो भुरा कुत्रा अजून सकाळी गेटपाशी येऊन बसतो. मी हाकलते, हाकललं तरी बसतो. भूतनाथ मार्केटात तुझ्या आवडीचे लाल पेरू आलेत, हर्षू आणत नाही. तो हल्ली बोलतच नाही फारसा. जेवतो, ताट उचलतो, गच्चीवर जाऊन तुला फोन लावतो आणि तू उचलला नाहीस की उगाच टाकीचं पाणी बघून खाली येतो.

त्याने तुला माझ्या पायाचं सांगितलं असेल. तू गेल्यावर डावा पाय सुजला, घोट्याजवळ कातडी काळी पडून जखम झाली. मी हळद लावून झाकून ठेवली होती. त्याने पाहिलं आणि ओढतच दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तुझ्याच वयाची. तपासून म्हणाली, शिरा कमजोर झाल्यात, जखम सुकली की गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे रोज घालायचे. मी मोजे हातात घेऊन म्हटलं, ये तो बहुत टाइट हैं. तर म्हणते कशी, माताजी, कसे हुए ही पहनने हैं, घर जाकर ढीले मत कर लीजिएगा. हर्षू खिडकीबाहेर बघत होता. बोलला असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या देऊन मी मोकळी झाले असते.

जखम सुकली. आता रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तो माझ्या पुढ्यात फरशीवर बसतो आणि मोजे चढवतो. तसाच, टाचेपर्यंत गोळा करून, तळहाताने सरकवत. तुझ्यासाठी शिकलेलं माझ्यावर खर्च करतोय. तेवढा वेळ तो बोलतो. शाळेतल्या गोष्टी काढतो, आई तुला आठवतं का म्हणतो. एरवी घरभर गप्प असतो, तेवढाच वेळ माझा हर्षू असतो.

गेल्या आठवड्यात त्याने तुझ्याकडे यायचं तिकीट काढलं होतं. येत्या रविवारी तुझी ती बेचाळीस किलोमीटरची शर्यत, तिथे शेवटी उभं राहायचं त्याच्या मनात होतं. मला म्हणाला, आई, चार दिवस मालिनीकाकू मोजे घालून देतील का? मी म्हटलं, परक्या बाईच्या मांडीवर पाय ठेवू का मी? त्याने तिकीट रद्द केलं. त्यावर तू फोनवर म्हणालीस, बस तू आईचेच पाय धरून, आणि आता माझ्या दारात येऊ नकोस. तो गच्चीवर फोन स्पीकरवर ठेवून बोलत होता, पण मी पापड काढायला वर गेले होते, ऐकलं. तुला वाटलं त्याने आईला निवडलं. त्याने निवडलं नाही, मी निवडू दिलं नाही.

हे पत्र कशापायी, ते आता ऐक. मोजे मला घालता येतात. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड बसते आणि सरसर वर चढतात, हे मला केव्हाच जमलंय. मी ते आधी चढवून बघते, पुन्हा काढते, घडी घालून ठेवते आणि पाय पसरून त्याची वाट बघत बसते. आज संध्याकाळी तो आला की मी त्याच्यासमोर ते स्वतः घालून दाखवणार आहे आणि तिकीट पुन्हा काढ म्हणणार आहे. तो माझ्याकडे कसा बघेल, याची मला भीती वाटते. असं ठरवून तीन संध्याकाळी मी गप्प बसले आहे. म्हणून आधी तुला लिहिलं. तो यायच्या आत पोस्टात टाकून येते, म्हणजे तुला कळणारच आणि मला गप्प बसता येणार नाही. तो शनिवारी पोचेल. त्याला दारात उभं ठेवलंस तर माझ्या चुकीसाठी ठेव, त्याच्या नको. तो मला फसला, त्याने तुला फसवलं नाही. परत इकडे यायचं की नाही ते तू पळून झाल्यावर बघ. टाईट्स नव्या घे. घट्टच घे.

तुझीच म्हणायला अजून जीभ रेटत नाही,
हर्षूची आई
इंदिरा नगर, लखनौ