एकट्या सभासदाची बुधवारची बैठक

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कसला, कपाट आणि खुर्च्या यांच्यामध्ये आडवं व्हायला जागाच नाही. बसल्या बसल्या केलेला गोड मानून घे.) मी इकडे खुशाल, तुझी खुशाली कळव, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. गुडघा काय म्हणतो? मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं दिसतं की जवळचं? जवळचं चांगलंच दिसत असणार, कारण मागच्या पत्राचं उत्तर म्हणून तू माझंच पत्र लाल पेनाने तपासून परत पाठवलंस. सत्तावीस चुका, आणि खाली शेरा, 'मजकूर बरा, पाल्हाळ फार.' अगं, तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीस हे कबूल, पण भाच्याने 'कशी आहेस' असं विचारलं, तर त्यापुढे राहिलेलं प्रश्नचिन्ह घालायचं आणि उत्तर द्यायचंच नाही, ही कुठली तऱ्हा?

असो. आता पाल्हाळ सुरू करतो. आमच्या कायद्याच्या कॉलेजात विद्यार्थ्यांनीच चालवायचं एक नियतकालिक आहे, हे मी प्रवेश घेतला तेव्हा तुला फुशारकीने सांगितलं होतं. विषय अल्पसंख्याकांचे प्रश्न. म्हणजे भाषेने, धर्माने, आणखी कशाने जे मूठभर उरलेत, त्यांच्याबद्दल कायदा बोलतो काय आणि करतो काय. मी आलो तेव्हा संपादक मंडळात अकरा जण होते आणि खोलीत अकरा खुर्च्या. खुर्च्या अजून अकराच आहेत. माणसांचे नव्याचे नऊ दिवस संपले. मुख्य संपादकाला बड्या वकिलाकडे उमेदवारी मिळाली, तो गेला. त्याच्यामागोमाग चौघं गेली (बायोडेटात 'संपादक' लिहून झालं, आता राहून करायचं काय?). दोघं वादविवाद स्पर्धांच्या मागे लागली, दोघं एकमेकांच्या. उरला सहसंपादक. त्याने सहा पानी राजीनामा दिला, तोही चौदा तळटिपांसकट. सवयीने मी त्या तपासल्या. पाच चुकल्या होत्या, म्हणून राजीनामा दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो महिनाभर आला नाही, तेव्हा मनात म्हटलं, चला, कागदोपत्री तरी हा आपल्यात आहे. मग एके दिवशी एका ओळीचा, एकही तळटीप नसलेला राजीनामा आला. त्यात काही म्हणता काही चूक काढता येईना. तेव्हापासून अल्पसंख्याकांच्या नियतकालिकात मी एकटा. विषयाला इतका धरून राहिलेला संपादक तुला शोधून सापडायचा नाही.

तरी कारभार नियमानेच चालतो, उगाच शंका नको. दर बुधवारी चार वाजता मंडळाची बैठक असते. संस्थापकांनी नियमावलीत लिहून ठेवलंय की बैठकीला निदान तिघं हवेत. तिघं नसले तर बैठक अर्धा तास तहकूब करायची, आणि अर्ध्या तासाने जे कोण हजर असतील त्यांचीच बैठक ग्राह्य धरायची. झालं तर! मी चारला जातो, कोणी आलेलं नाही हे पाहतो, बैठक तहकूब झाल्याचं वहीत लिहितो, अर्धा तास खिडकीशी उभा राहून खालच्या सायकली मोजतो, साडेचारला पुन्हा कोणी आलेलं नाही हे पाहतो आणि बैठक सुरू करतो. ठराव सगळे एकमताने. एकदाच मुखपृष्ठ हिरवं की राखाडी यावरून माझं काही केल्या ठरेना, म्हणून मी माझ्याविरुद्ध मतभेद नोंदवला. पुढच्या बुधवारी मतभेद मिटल्याबद्दल सर्व सभासदांचे आभार मानले. हसू नकोस गं. त्या अर्ध्या तासात जिन्यावर पावलं वाजली की मी अजूनही शेजारची खुर्ची सरळ करतो.

मग लेख कमी पडले. आता कोणाच्या दारात उभं राहायचं? म्हणून एक मीच लिहिला. विषय असा की, एखादा समाज किती लहान झाला म्हणजे कायदा त्याला मोजायचं सोडून देतो. आमच्याकडे लेखावरचं नाव काढून तो परीक्षकाकडे पाठवतात, म्हणजे भीडभाड आड येत नाही. तेव्हा मी लेखक म्हणून लेख दिला, संपादक म्हणून घेतला, नाव काढलं आणि राज्यघटना शिकवणाऱ्या मॅडमकडे पोचवला. आठ दिवसांनी अभिप्राय आला. हा लेखक पानोपानी स्वतःच शंका काढतो, स्वतःच उत्तर देतो आणि स्वतःच जिंकतो, याने लिहिण्याआधी कोणाशी तरी बोलायला हवं, नापसंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! पण नियम म्हणजे नियम. संपादक या नात्याने मी मला 'कळवण्यास खेद होतो' असं पत्र लिहिलं आणि कॉलेजच्या टपालपेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी ते मला मिळालं आणि, खोटं कशाला बोलू, फार लागलं. नकार मिळालेल्या लेखकाला मंडळाकडे अपील करता येतं. केलं. बुधवारी सुनावणी ठेवली. पण स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्याय करायचा नाही, हे पहिल्या वर्षाला घोकून घेतलंय, म्हणून अपील पुकारून मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. आत कोणीच नसल्यामुळे निर्णय होऊ शकला नाही. अपील प्रलंबित आहे.

माझ्या लेखाचं जाऊ दे, तो खड्ड्यात गेला तरी कोणाचं काही अडत नाही. अडलंय ते एका बाईंचं. त्या शिवणकाम करतात. त्यांची भाषा बोलणारी इथे एकोणीसच घरं उरलीत. त्यांची एक शाळा आहे, तेरा मुलांची, आणि मुलं कमी म्हणून ती बंद करायची नोटीस निघालीय. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. बाईंनी शाळेची सगळी हकिकत स्वतःच्या हाताने बावीस पानं लिहून आमच्याकडे पाठवली. तीस वर्षांत आम्हाला कोणी काही विचारलं नाही, असं पहिलंच वाक्य. त्यांच्या वकिलाला तो लेख छापील स्वरूपात फाइलला लावायचाय. दर सोमवारी त्यांचा फोन येतो, अंक निघाला का? मी सांगतो, छपाईत आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. अंक माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आणि इकडे प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. वाचक किती? म्हटलं, सव्वीस. सभासद किती? म्हटलं, मी. मग हे बंद करायला हरकत काय, तुम्ही आहात किती? म्हटलं, सर, या वेळचा अंक नेमका याच मुद्द्यावर आहे. ते हसले नाहीत. महिनाअखेरपर्यंत निदान दुसरा एक सभासद दाखवा, नाहीतर नियतकालिक बंद आणि खोली टेबलटेनिसवाल्यांना, असा लेखी आदेश माझ्या हातात दिला. मी वर्गावर्गांतून फिरलो. सगळ्यांना विषय फार महत्त्वाचा वाटतो. वेळ कोणालाच नाही.

सभासद मिळाला तरी तळटिपा आहेतच. एकाने मूळ पुस्तकातून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्याशी ताडून पाहायचं, खाली दोघांच्या सह्या, ही आमची पद्धत. (तुमच्या छापखान्यातही अशीच होती ना? तू स्वल्पविराम, अर्धविरामसुद्धा खणखणीत उच्चारायचीस.) परवा मी एकट्याने करून पाहिलं. एका खुर्चीत बसून वाचायचं, उठून समोरच्या खुर्चीत जाऊन तपासायचं. एकतिसाव्या टिपेला वॉचमन दारात उभा दिसला. बराच वेळ बघत असावा. पाण्याचा ग्लास आणून टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "साहेब, घरी कोणाला फोन लावू का?" मी हसण्यावारी नेलं. तो गेल्यावर मात्र विचार करत बसलो, की लाव म्हटलं असतं तर नंबर कोणाचा दिला असता? आई-बाबा गेल्यापासून या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते उत्तर माझी पत्रं तपासून परत पाठवतं. मावशी, मला फार एकटं वाटतं गं. दिवसेंदिवस कोणाशी चार वाक्यं बोलणं होत नाही. वादासाठी का होईना, कोणीतरी समोर हवं.

असो. तुला त्रास द्यावा असं पत्रात काही नाही. सहज लिहिलं. औषधं वेळेवर घे आणि स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढू नकोस.

तुझा भाचा
(संपादक, सहसंपादक, तळटीप तपासनीस आणि नापसंत लेखक)

ता. क. सोबत एक अर्ज जोडलाय. नियमावलीच्या चौदाव्या कलमाप्रमाणे कॉलेजबाहेरची, छपाईची जाण असलेली एक व्यक्ती मंडळाची सभासद होऊ शकते. फुली मारलीय तिथे फक्त सही कर. ती महिनाअखेरच्या आत आली की अंक छापायला जाईल आणि बाईंना सोमवारी खरं सांगता येईल.

ता. क. दुसरा. सही केलीस की नियमाप्रमाणे दर बुधवारी चार वाजता जातीने हजर राहावं लागेल. तुझ्या घराजवळून थेट बस आहे, सव्वा तास लागतो. मी दोनदा येऊन-जाऊन पाहिलं. (दोन्ही वेळा तुझ्या दारापर्यंत आलो होतो. घंटा वाजवली नाही. आठ महिने फिरकलो नाही, आता कुठल्या तोंडाने जायचं, असं वाटलं.) जिना एकच आहे आणि त्याला कठडा आहे.

ता. क. शेवटचा. चौदावं कलम आत्ता पुन्हा वाचलं. त्यात हजर राहायची अट कुठेही नाही. सही पोस्टाने पाठवलीस तरी सभासद होतेस, तळटिपा फोनवर वाचूनही ताडता येतात, अंक निघतो, बाईंचं काम होतं, खोलीही राहते. अट मी घातली होती. सही पोस्टानेच पाठव, म्हणजे उशीर व्हायला नको. आणि मग तू ये.