हिरव्याचं निळं

४ मार्च
टिकला! थर टिकला! केसाएवढा काचेचा तंतू, त्यावर वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचा हिरवा लेप. आजवर दर वेळी सालपटासारखा निघायचा, आज घट्ट बसला. जवळ अमोनियाची बाटली उघडली — अन् हिरव्याचं निळं! तंतूतून येणारा उजेड बदलला, मीटरवरचा आकडा धाडकन खाली. बाटली बंद केली, हळूहळू पुन्हा हिरवा. गाइड मॅडमनी चक्क पाठ थोपटली. एरवी मान हलवली तरी खूप!

७ मार्च
बाबांना दाखवलं. ते शीतगृहात यंत्रं सांभाळतात, तिथे थंडाव्यासाठी नळ्यांतून अमोनियाच फिरतो. म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला गं? गळती झाली की माझं नाक सांगतं!" तिथे सगळे त्यांना 'नाकशेठ'च म्हणतात. मी म्हटलं, तुमचं नाक घरी येऊन घोरतं, माझं तिथेच जागं राहील. आई हसून हसून बेजार.

९ मार्च
हवा दमट झाली की आकडे नाचतात. डोकं उठलं.

१५ मार्च
दमटपणाचा बंदोबस्त झाला. शीतगृहाच्या मालकांनी चाचणीला होकारही दिला. उद्याच!

१६ मार्च
तंतू कॉम्प्रेसरजवळ लावला, मीटर बाहेर ऑफिसात ठेवून बाबा अन् मी तिथेच चहा प्यायला बसलो, तर आकडा घसरायला लागला. म्हणजे थर निळा! बाबांनी आत तंतूजवळ जाऊन दीर्घ श्वास घेतला. "काही नाही. तुझंच बिघडलंय." मी मुकाट्याने मीटरची पेटी उघडली — बाबांपुढे यंत्राचं कोण ऐकणार? जोडणी तर ठीक. तेवढ्यात पॅकिंगच्या मावशी आतल्या दारात, नाक दाबून — "अहो, केवढा वास! कळत नाही का तुम्हाला?"
बाबा पांढरेफटक. पण लगेच सावरले. झडप बंद, सगळे बाहेर. कॉम्प्रेसरचं सील झिजलं होतं. कुणाला काही झालं नाही. "सर्दी झालीय जरा," बाबा मालकांना म्हणाले. मालक माझ्यावर खूश. मी तर हवेत!

१७ मार्च
सर्दी नव्हतीच. बाबांनी सकाळी बाल्कनीत सांगितलं. गेल्या वर्षीच्या तापापासून कशाचाच वास येत नाही. "काम जाईल म्हणून बोललो नाही गं. काल मावशी आल्या नसत्या तर..."
मी म्हटलं, "मग रोज आईच्या भाजीला 'काय घमघमाट!' म्हणता ते?"
"ते नाकानं म्हणतो होय?"
दोघंही हसलो. डोळे पुसत बाबा म्हणाले, "आज मालकांना सगळं सांगतो. तू येशील बरोबर?"
आम्ही निघतोय.