शुक्रवारचा गाळ

सर, तुमची जाड काचेची बरणी अजून माझ्याकडेच आहे. पालघरच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुम्ही तिच्यात खाडीचा गाळ भरून आणला होता. ढवळला की ताकासारखा पातळ, ठेवून दिला की दह्यासारखा घट्ट. असे नॉन-न्यूटोनियन द्रव पाण्यासारखे वाहत नाहीत, त्यांचं वाहणं गणितात कसं बसवायचं, हे तुम्ही शिकवताय आणि मी मध्येच उठून खाडी कोण नासवतंय यावर भाषण ठोकतोय. तुम्ही बरणी माझ्यापुढे सरकवता. "बोलतोस छान. पण गाळाला कान नसतात रे. मोज." वर्ग हसतो, मीही हसतो. पुढे मला शाळेत मास्तरची नोकरी लागली तेव्हा ही बरणी तुम्ही हातात ठेवलीत.

आता बोईसरच्या कारखान्यांचा गाळ पाइपातून आपल्या घिवली गावाच्या बाजूने समुद्रात सोडायचा बेत आहे. इतकी वर्षं सभांतून ओरडलो. घसा गेला, खाडीचा वास गेला नाही. या वेळी गणितच मांडायचं ठरवलं. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. पंप बंद, गाळ पाइपात पडून घट्ट होणार. शनिवारी त्याला हलवायला लागणारा जोर पाइपाला सोसणार नाही आणि तो होड्या लागतात तिथेच फुटणार, अशी माझी खात्री होती. तोच गाळ मिळवून गुरुवारी संध्याकाळी बरणीत भरला, शनिवारी सकाळी न ढवळता मोजला, आकडे गणितात घातले. पाइप फुटत नाही, सर.

उद्या गावात सभा आहे. काल बाजारात मासळीवाल्या काकूंनी मला गाठलं.

"मास्तर, सभेत असं बोला का पाइपवाल्यांची दातखीळच बसली पायजे."

"आणि गणित उलटं आलं तर?"

"तुमचं गनित आमच्या बाजूनं नाय, तं काय पाइपाच्या बाजूनं हाय?" त्या हसल्या आणि माझ्या पिशवीत दोन बोंबील जास्तीचे टाकले.

उद्या मी खरं तेच सांगणार आहे. सुट्टीनंतर पाइप फुटणार नाही. तरीही हे विष समुद्रात नको. पहिलं वाक्य ऐकून आपली माणसं उठून जातील, आणि पाइपवाले तेवढंच वाक्य छापतील. बोलायला उभं राहिलं की अंगात येणारा तो जुना जोर आता शोधावा लागतो.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणूनच लिहितो. शुक्रवारची सुट्टी एकच दिवसाची असते हे ठाऊक असूनही, उरलेला गाळ मी आणखी दोन दिवस तसाच ठेवून आज पुन्हा मोजला. आज तरी तो माझं ऐकेल, असं वाटलं होतं.