बियाची चिंधी

आत्याबाई, यंदा दोडका पाडव्याच्या आधीच लागला. थंडी लवकर मोडली म्हणून मी बीही लवकर टोकलं होतं, आणि आता न्हाणीमागच्या मांडवावर वेल इतका पसरलाय की खालून वाकून जावं लागतं. संध्याकाळी पिवळी फुलं उमलतात तेव्हा मी खाट तिथंच ओढून घेते. मेथी फुलून गेली, तिच्या शेंगा वाळायला लागल्यात. कोथिंबिरीला धने धरलेत, हिरवेच आहेत अजून, बोटांत चुरडले की हाताला वास राहतो. शेपू कंबरेएवढा वाढून पिवळा पडलाय. तुम्हाला तो कधी आवडला नाही, पण बियासाठी चार झाडं तुम्ही राखत होता म्हणून मीही राखते. लसूण उपटून, जुड्या बांधून टांगला. पुदिना तेवढा रुसलाय, कारण न्हाणीच्या पाण्यात हल्ली साबण फार असतो. सुनेनं वाळू घालून एक छोटी चारी काढलीय, पाणी तिच्यातून गाळून जावं म्हणून. बघू काय होतं. नळ आठवड्यातून एकदा येतो, ते पाणी पिण्यालाच पुरत नाही, त्यामुळे बाग अजून तुमच्या वेळेसारखी आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावरच चालते.

पण बागेची खुशाली कळवायला मी वही उघडलेली नाही. चौसाळ्याला बचत गटाच्या बायकांनी गावरान बियाण्यांचं प्रदर्शन ठरवलंय. सून त्यात पुढं पुढं असते. परवा सकाळी ती बियाच्या पुड्या बांधत बसली होती आणि प्रत्येक पुडीवर चिठ्ठी डकवत होती. वर भाजीचं नाव, खाली बी राखणाऱ्या बाईचं नाव. दोडक्याच्या पुडीवर तिनं माझं नाव लिहिलं, चांगलं वळणदार. ते वाचून मी ती पुडी पालथी घालून ठेवली. चाळीस वर्षं होत आली, आत्याबाई, मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. तुम्ही होता तोवर सांगायचं धाडस झालं नाही, आणि तुम्ही गेल्यावर सांगायला कुणी उरलं नाही.

माझं लग्न होऊन चार महिने झालेले. या घरात मला सगळ्यात जास्त धाक होता तो सासू म्हणून तुमचा, आणि तुमच्या परसातल्या बागेचा. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी कोथिंबीर आणायला गेले आणि मुळासकट उपटून आणली, माहेरी सिरसाळ्याला तशीच आणायचे. तुम्ही शेजारणींसमोर माझ्या हातातली जुडी उचलून धरलीत. "मुळासकट कावून उपटली गं? खुडायची असती. उद्याच्याला काय खाशील, माती?" शेजारणी हसल्या. मी चुलीपुढं बसून रडले. तेव्हापासून बागेत पाऊल टाकायचं तर तुम्हाला विचारून, असं मी ठरवून टाकलं. आता माझ्याच तोंडून ते वाक्य नातवाला जातं, तुमच्याच सुरात, आणि सून माझ्याकडे बघून हसते.

मांडवावर पहिल्या तोडीतलं सगळ्यात सरळ, लांब फळ तुम्ही निवडायच्या आणि त्याच्या देठाला जुन्या लुगड्याच्या काठाची लाल चिंधी बांधायच्या. चिंधी बांधली की ते बियाचं. त्याला कोणी हात लावायचा नाही, हे गल्लीतल्या लेकरांनाही माहीत होतं. ते वेलावरच पिकायचं, वाळायचं, मग स्वयंपाकघरात आढ्याला टांगलं जायचं, आणि हलवलं की आत बिया खुळखुळायच्या. पुढच्या माघात तुम्ही ते फोडून राखेत घोळलेलं बी सात घरांना वाटायच्या. लोक म्हणायचे, यांच्या हाताला गुण हाय. त्या दिवशी तुमची मान जरा ताठ असायची, हे मी पाहिलेलं आहे.

त्या चैत्रात तुम्ही शेजारणींबरोबर कपिलधारला दर्शनाला गेलात आणि दुपारी माझा थोरला भाऊ आला. दोन एसट्या बदलून, उन्हानं लाल झालेला. हे शेतात होते. घरात भाजीचं पान नव्हतं, बेसन तेवढं होतं. आईनं त्याला सांगून पाठवलं असणार, पोरगी काय खाते ते बघून ये. चार महिन्यांनी आलेल्या भावाला पिठलं वाढायचं माझ्या जिवावर आलं. मांडवावर हाताएवढे झालेले सगळे दोडके तुम्ही आदल्या दिवशीच तोडून शेजारी वाटले होते. राहिला होता तो चिंधीचा. मी तो तोडला. आणि तुम्हाला कळू नये म्हणून ती चिंधी सोडून शेजारच्या वेलावरच्या फळाला बांधली. तो वेल उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवून त्याच मांडवावर चढला होता. फळ तसंच दिसत होतं, थोडं आखूड इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीप्रमाणे मांडवाखाली गेलात. तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरू लागला होता, तुम्ही हातानं चाचपून बघत होता. चिंधी सापडली. तुम्ही तिथंच थांबलात. म्हणालात, ही तर मी मांडवाच्या अलीकडच्या बाजूला बांधली होती. मी भांडी घासत होते, मान वर केली नाही. मग तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "दिसंनाच झालंय आता. डोळं गेलं माझं." मी राखेनं तवा घासत राहिले. तेव्हा एक शब्द बोलले असते तर तुम्ही फार तर आठ दिवस बोलला असता, आणि विषय संपला असता.

याहून वाईट पुढं आहे. दहा-बारा दिवसांनी मी त्या उकिरड्याकडच्या वेलाचा एक दोडका भाजीला आणला. तुम्ही शिकवल्याप्रमाणे टोकाचा काप जिभेला लावला, तर जहर कडू. तेव्हा मला सगळं समजलं. मांडवावर तुमच्या वेलाची अजून चांगली फळं होती, चिंधी परत हलवता आली असती. पण आता रोज सकाळी तुम्ही त्या फळाला हात लावून बघत होता, एकदा चकलात म्हणून जास्तच. मी घाबरले. कडू वेलाची बाकीची फळं मी गुपचूप तोडून उकिरड्यात पुरली, आणि चिंधीचं फळ राहू दिलं. ते वाळलं, आढ्याला टांगलं गेलं. वर्षभर त्याच्याखाली बसून मी भाकरी थापल्या.

माघात तुम्ही बी वाटलंत. आपल्या मांडवावर पहिला दोडका आला तो तुम्ही स्वतः चिरलात, काप तोंडात घातलात आणि थुंकलात. दुसरा चिरलात. तिसरा. मग एकेक शेजारीण येऊ लागली. एकीच्या घरी पाहुणे बसलेले आणि अख्खं पातेलं फेकून द्यावं लागलं होतं. कोणी भांडायला आलं नव्हतं, उलट सगळ्या हळू बोलत होत्या, त्याचंच तुम्हाला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात तुम्ही म्हणालात, चल. तुम्हाला नीट दिसत नव्हतं, म्हणून मी तुमचा हात धरला. आपण सातही घरी गेलो. प्रत्येक उंबऱ्यावर तुम्ही तेच बोललात, "माझी चूक झाली बाई. वेल उपटून टाका." सात वेळा. तुमचा हात माझ्या हातात होता, कोरडा, खरखरीत, आणि मी सातही वेळा शेजारी गप्प उभी राहिले. आत्याबाई, मला आयुष्यात दुसऱ्या कशाचीही इतकी लाज वाटलेली नाही. आजही त्या घरांवरून जाताना मी रस्त्याची दुसरी बाजू धरते. तिथं राहणाऱ्यांना कारणही ठाऊक नाही.

घरी आल्यावर तुम्ही बियांचा पत्र्याचा डबा काढलात, राखेसकट, आणि माझ्या पुढ्यात ठेवलात. "आजपासून तूच ठेव बी. माझा हात उतरला." मी नको म्हणाले. तुम्हाला वाटलं, मोठ्यांचा मान राखते आहे. मग मी चौसाळ्याला वन्सांकडे गेले. त्यांच्या फडताळात तुमचंच दोन वर्षांपूर्वीचं बी पुडीत होतं. आत्याबाईंना कळू देऊ नका, त्यांना वाईट वाटेल, असं सांगून ते मागून आणलं आणि डब्यात घातलं. पुढच्या चैत्रात दोडका गोड लागला. गल्लीत बोलबाला झाला की सासूचा हात उतरला आणि सुनेला गुण आला. तुम्हीही तेच म्हणालात, मनापासून. तुमचंच बी होतं ते. मी नुसतं मातीत टोकलं होतं.

त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं जगलात आणि मातीत एक दाणा टाकला नाहीत. मागच्या दारात बसायच्या, हात मांडीवर ठेवून, आणि मला विचारायच्या. मेथी किती वर आली, गवारीला पाणी पोचतं का, ओव्याच्या झाडाला मुंग्या तर नाहीत. मी म्हणायची, तुम्हीच चार बिया टोका ना. तुम्ही हात मागं घ्यायच्या. कधीकधी मी मनाची समजूत घालते की तुम्हाला आतून कळलं असेल आणि तुम्ही मला माफ केलं असेल. पण ते खरं नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही बोलला असता, गप्प बसणाऱ्यांतल्या तुम्ही नव्हताच. तुम्हाला कळलं नाही. तुमचा हात उतरला असं समजूनच तुम्ही गेलात, आणि तो मी उतरवला होता.

तर परवा मी सुनेला म्हणाले, माझं नाव खोड, आत्याबाईंचं लिही. तिनं तुम्हाला पाहिलेलंही नाही. ती म्हणाली, "पण आई, त्यांचा तर हात उतरला होता म्हणतेत ना?" अजून म्हणतात, आत्याबाई. तुमच्या नावामागं एवढंच राहिलंय. माझ्या तोंडून निघून गेलं, "उतरला नव्हता. चिंधी मी हलवली होती." मग सगळं सांगितलं, भाऊ आला तिथपासून सात उंबऱ्यांपर्यंत. ती डिंकाचं बोट तसंच धरून ऐकत होती. माझं संपल्यावर ती हसली. वाईट हसणं नव्हतं ते. म्हणाली, "एवढंच होय? एका दोडक्यापायी इतकी वर्षं? भावासाठी तोडला ना, मग काय झालं." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मला तिचा राग आला. तिनं तुमचा तो कोरडा हात धरलेला नाही, तिला कसं कळणार. तरी चिठ्ठी तिनं बदलली. आता पुडीवर तुमचं नाव आहे. प्रदर्शनात कोणी विचारलं तर काय सांगायचं तेही मी तिला पढवलंय, आणि ती सांगेल, कारण ती माझ्यासारखी भित्री नाही. आज सकाळी मी पहिला दोडका चिरून काप जिभेला लावला. गोड आहे. दुसऱ्याला चिंधी बांधली. तुमच्या लुगड्याचा काठ आता वीतभरच उरलाय.

ही वही सुनेची आहे, चिठ्ठ्या कापून उरलेली. एवढी पानं मी फाडून घेईन आणि बियांच्या डब्यात नाही, माझ्या पेटीत ठेवीन. कारण सुनेला सांगितलं त्यातही एक गोष्ट मी गाळली. भाऊ त्या दिवशी म्हणाला होता, राहू दे बाई, मला पिठलं चालतंय. चांगलं दोनदा म्हणाला होता. तुम्ही चिंधी बांधली त्या दिवसापासून त्या दोडक्यावर माझाच डोळा होता. भाजी फार चांगली झाली होती, आत्याबाई. भावाला एकदा वाढली आणि मी दोनदा घेतली.